एसआर-झिरो काय म्हणतो?

२००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात लागलेल्या अनेक लग्नांची आठवण आज कपाटातल्या एका प्लास्टिकच्या डबीत आहे. डबीवर नवरा-नवरीचा फोटो, आत दोन-तीन व्हीसीडी, त्यांवर मार्करने लिहिलेलं ‘भाग १’, ‘भाग २’. घरातल्या कुणाला तरी कधीतरी वाटतं, की हे सगळं एकदा पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावं. नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नसतो, म्हणून यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह आणला जातो. लॅपटॉपवर उबुंटू आहे. सीडी आत जाते, घरघरते, पडद्यावर फोल्डर उघडतं. त्यात ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं आणखी एक फोल्डर आणि त्यात ‘एव्हीसेक०१.डॅट’ ही पंचावन्न कोटी बाइटची फाइल. ती ओढून डेस्कटॉपवर टाकली की काही क्षणांत एक ओळ येते: ‘इनपुट/आउटपुट एरर’.

सीडी गेली, असं म्हणून घर हळहळतं. आणि खूपदा ती सीडी अगदी ठणठणीत असते.

ही ओळ फसवी आहे. सीडीचं प्लास्टिक, लेझरचं भिंग, ड्राइव्हच्या आतला छोटा संगणक, केबल, कर्नलमधला ड्रायव्हर, फाइल-सिस्टिम, यांपैकी कुठेही अडलं तरी वापरणाऱ्याच्या पदरात तेच तीन शब्द पडतात. पण लिनक्ससारख्या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीची एक मोठी सोय आहे. नेमकं कुठे अडलं हे ती दुसरीकडे सविस्तर लिहून ठेवते. ते वाचायची सवय नसल्यामुळे चांगल्या सीड्या कचऱ्यात जातात, चांगले ड्राइव्ह भंगारात जातात, आणि त्यांच्याबरोबर लोकांच्या आठवणीही.

युनिक्समध्ये यंत्रालाही फाइलसारखं नाव असतं. सीडी किंवा डीव्हीडीच्या ड्राइव्हचं लिनक्समधलं नाव ‘/डेव्ह/एसआर०’. दुसरा ड्राइव्ह जोडला तर तो ‘एसआर१’. ‘/डेव्ह/सीडीरॉम’ असंही नाव दिसतं, पण ती नुसती पाटी आहे, एसआर०कडे बोट दाखवणारी. नावातला ‘एस’ स्कझीचा. ड्राइव्ह यूएसबीने जोडलेला असो की साटाच्या केबलने, कर्नल त्याच्याशी स्कझीच्याच भाषेत बोलतो. ‘तयार आहेस का’, ‘अमुक क्रमांकाचा सेक्टर दे’, ‘ट्रे बाहेर काढ’ अशा ठरलेल्या आज्ञा असतात आणि ड्राइव्ह त्यांना ठरलेली उत्तरं देतो.

ही एकच भाषा यायला बराच काळ जावा लागला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येक कंपनीचा सीडी-ड्राइव्ह स्वतःच्या वेगळ्या कार्डावर चालायचा. मित्सुमीचं कार्ड वेगळं, सोनीचं वेगळं, आणि मात्सुशिताचे ड्राइव्ह तर बऱ्याचदा साउंड ब्लास्टरच्या आवाजाच्या कार्डालाच जोडलेले. त्यामुळे लिनक्समध्येही ‘एमसीडी’, ‘सीडीयू३१ए’, ‘एसबीपीसीडी’, ‘सीएम२०६’, ‘ॲझटीसीडी’ असे एकेका घराण्याचे ड्रायव्हर होते आणि त्यांची डेव्ह-नावंही वेगळी. कार्ड कुठल्या पत्त्यावर बसलंय हे ड्रायव्हरला चाचपडून शोधावं लागे. चाचपडताना हात चुकून नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर पडला, तर अख्खा संगणक जागच्या जागी थिजायचा. त्या काळात लिनक्स बसवणाऱ्याला सीडीच्या आधी जंपरच्या पिना ओळखाव्या लागत. पुढे अटापी आलं. हार्ड डिस्कच्या केबलवरूनच स्कझीच्या आज्ञा पाकिटात घालून पाठवायची ही पद्धत सगळ्यांनी उचलली आणि जुनी कार्डं हळूहळू नाहीशी झाली. कर्नलमधून ते जुने ड्रायव्हर २००७ मध्ये काढून टाकले गेले. अटापीच्या ड्राइव्हला बराच काळ ‘एचडीसी’ असं हार्ड डिस्कच्या रांगेतलं नाव मिळत होतं. नंतर तेही गेलं आणि सगळे एसआर-झिरो झाले. २००५च्या आसपासची लिनक्सवरची पुस्तकं वाचून आज कुणी एचडीसी शोधू लागला, तर त्याला ते कुठेच सापडणार नाही.

ड्राइव्हमध्ये स्वतःचा एक छोटा संगणक असतो आणि त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर असतं, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. २००३च्या ऑक्टोबरात ते अनेकांच्या लक्षात आलं. मँड्रेक ही फ्रान्समधली लिनक्स कंपनी. तिची ९.२ ही आवृत्ती बसवताना काही लोकांचे एलजीचे सीडी-ड्राइव्ह कायमचे गप्प झाले. सीडी खराब नव्हती आणि केबलही ठीक होती. घडलं ते असं. मँड्रेकच्या कर्नलमध्ये सीडीवर थोडं थोडं लिहिण्यासाठीची नवी सोय घातलेली होती आणि तिच्यामुळे ड्राइव्हला ‘फ्लश कॅश’ ही आज्ञा जात होती. अर्थ साधा: तुझ्या स्मृतीत लिहायचं काही शिल्लक असेल तर ते चकतीवर उतरवून टाक. फक्त वाचणाऱ्या ड्राइव्हकडे उतरवायला काहीच नसतं, तेव्हा त्याने ‘ही आज्ञा मला लागू नाही’ एवढं कळवावं अशी अपेक्षा. पण एलजीच्या त्या ड्राइव्हमध्ये तीच आज्ञा नवं फर्मवेअर भरून घेण्यासाठी वापरलेली होती. आज्ञा आली, ड्राइव्हने आपलं जुनं फर्मवेअर पुसलं आणि नवं भरायला काहीच आलं नाही. मँड्रेकने दुरुस्त कर्नल दिला, एलजीने दुरुस्त फर्मवेअर दिलं. चूक ड्राइव्हची होती, पण ती उघडी पडली ड्रायव्हरमुळे, आणि मधल्या काळात दोष बिचाऱ्या सीडीला लागला असणार.

याला जोडूनच पुढच्या वर्षीची गोष्ट येते. ड्राइव्हचं फर्मवेअर एका आज्ञेने पुसता येत असेल, तर वाटेल त्या प्रोग्रॅमला वाटेल ती आज्ञा पाठवू देणं धोक्याचंच. तोवर लिनक्सवर ज्याला ड्राइव्ह नुसता उघडून वाचता यायचा, तो त्याला कुठलीही आज्ञा देऊ शकत होता. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या २.६.८ या कर्नलने चाळणी लावली. निरुपद्रवी आज्ञा सगळ्यांना खुल्या राहिल्या, बाकीच्यांना रूटचा अधिकार लागू लागला. पहिल्या खेपेला ही चाळणी इतकी बारीक होती, की साध्या वापरकर्त्यांचं सीडी-बर्निंगच बंद पडलं. लोकांनी ड्राइव्ह बदलले, कोऱ्या सीड्या बदलल्या, बर्निंगचे प्रोग्रॅम पुन्हा बसवले. कर्नलने नकार दिलाय हे कळायला वेळ लागला. नंतरच्या आवृत्त्यांत चाळणी सैल झाली. आजही ‘परमिशन डिनाइड’ दिसलं तर स्क्रूड्रायव्हर शोधू नये. डेबियन आणि उबुंटूवर आपण ‘सीडीरॉम’ नावाच्या गटात आहोत का ते पाहावं, नसल्यास गटात नाव घालून एकदा लॉग-आउट करून परत यावं.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सीडी घालण्याआधीच टर्मिनल उघडून ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवावं. कर्नल जे जे पुटपुटतो ते इथे ओळीने उमटत जातं. बाहेरचा ड्राइव्ह असेल तर जोडल्या जोडल्या त्याची कंपनी, मॉडेल आणि ‘एसआर०’ हे नाव दिसायला हवं. ते न दिसताच ‘यूएसबी डिसकनेक्ट’ पुन्हा पुन्हा येऊ लागलं, किंवा सीडी फिरायला लागताच ड्राइव्ह दिसेनासा होऊन परत येऊ लागला, तर दोष बहुधा विजेचा असतो. यूएसबी २.०च्या तोंडातून ५०० मिलिअँपिअर मिळायची हमी असते, आणि मोटर वेग घेताना पातळ ड्राइव्हलाही त्याहून जास्त लागू शकते. असे ड्राइव्ह दोन तोंडांच्या केबलसह मिळायचे ते याचसाठी. त्यातलं दुसरं तोंड लोक अडगळ समजून मोकळं सोडतात. कीबोर्डवरच्या यूएसबीत किंवा स्वस्त हबमध्ये लावलेला ड्राइव्ह काढून थेट लॅपटॉपला लावला, की निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

ड्राइव्ह दिसला आणि सीडी घातल्यावर त्याने तक्रार केली, तर त्या ओळींत ‘सेन्स की’ हे शब्द शोधावेत. इथे ड्राइव्ह स्वतः बोलतो. कर्नल फक्त निरोप्या.

‘नॉट रेडी’ म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची की. तिच्यासोबत ‘मीडियम नॉट प्रेझेंट’ असं असलं तर ड्राइव्हच्या मते ट्रे रिकामा आहे. ट्रेमध्ये सीडी दिसत असूनही तो असं म्हणत असेल, तर त्याच्या लेझरला ती दिसलेली नाही. इथे एक सोपी परीक्षा आहे. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. एकाच ड्राइव्हमध्ये दोन्ही असतात आणि त्यातला एक आधी थकू शकतो. म्हणून ड्राइव्ह डीव्हीडी झकास वाचतो आणि सीडी मात्र ओळखत नाही, हे शक्य आहे. एक छापील सीडी, एक घरी लिहिलेली सीडी आणि एक डीव्हीडी अशा तिन्ही घालून पाहिल्या, की कोण आजारी आहे ते कळतं. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उन्हात आणि उष्णतेत फिका पडतो, त्यामुळे छापील सीडी चालते आणि ती चालत नाही असंही होतं.

तिसरी की ‘मीडियम एरर’. ही आली तर बहुधा खरंच चकतीवर ओरखडा, डाग किंवा थर खराब झालेला आहे. चौथी ‘हार्डवेअर एरर’, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्याच अवयवांबद्दल तक्रार करतोय. सहावी ‘युनिट अटेन्शन’ ऐकायला भीतीदायक, पण अर्थ एवढाच की चकती बदलली किंवा ड्राइव्ह नुकताच चालू झालाय. तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

राहिली पाचवी: ‘इलिगल रिक्वेस्ट’. लग्नाच्या त्या व्हीसीडीच्या वेळी कर्नलच्या नोंदीत हीच असते, आणि तिच्यापुढे ‘इलिगल मोड फॉर धिस ट्रॅक’. ड्राइव्ह सांगतोय की सीडी ठीक आहे, मीही ठीक आहे, पण तुम्ही जे मागताय ते या ट्रॅकवर तसं मागता येत नाही.

हे समजायला सीडीच्या पोटात थोडं शिरावं लागतं. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली ती गाण्यांसाठी. तिच्यावर एका सेकंदात ७५ सेक्टर वाचले जातात आणि प्रत्येक सेक्टरमध्ये २३५२ बाइट असतात. गाण्यात एखादा बाइट चुकला तर कानाला कळतही नाही. पण संगणकाच्या फाइलमध्ये एका बाइटने प्रोग्रॅम कोलमडतो. म्हणून डेटाच्या सीडीत प्रत्येक सेक्टरमधले २०४८ बाइटच माहितीसाठी ठेवले गेले आणि उरलेली बरीचशी जागा चूक शोधायला आणि सुधारायला दिली. पुढे १९९३ मध्ये व्हीसीडीचं मानक आलं. चित्रपटातही एखादा ठिपका चुकला तर बिघडत नाही, मग दुरुस्तीसाठी इतकी जागा कशाला? व्हीसीडीतल्या चित्रपटाच्या सेक्टरमध्ये ती जादा दुरुस्ती काढून टाकली आणि माहितीचे बाइट केले २३२४.

व्हीसीडीच्या पहिल्या ट्रॅकवर साधी फाइल-सिस्टिम असते, नेहमीच्या २०४८च्या हिशोबाची. म्हणून फोल्डर उघडतं आणि फाइलचं नाव दिसतं. ती फाइल मात्र दुसऱ्या ट्रॅकवर, २३२४च्या सेक्टरांत असते. लिनक्सची फाइल-सिस्टिम नेहमीच्या ‘रीड’ आज्ञेने २०४८ बाइटचे सेक्टर मागते. ड्राइव्ह नाही म्हणतो. विंडोजमध्ये तीच फाइल कॉपी होते, कारण तिथला ड्रायव्हर व्हीसीडी ओळखून सेक्टर कच्च्या स्वरूपात मागवतो आणि सुरुवातीला स्वतःचे काही बाइट चिकटवून फाइल तयार करून देतो. त्यामुळे ‘विंडोजवर चालते, लिनक्सवर बिघडते’ अशी समजूत पसरली. बिघडत काहीच नाही. लिनक्सवर त्यासाठी वेगळं दार आहे, आणि त्या दाराकडे या प्रकरणात अजून यायचं आहे.

गाण्यांच्या सीडीचाही असाच घोळ होतो. ती माउंट करायला गेलं की ‘राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक’ अशी घाबरवणारी ओळ येते. गाण्यांच्या सीडीत फाइल-सिस्टिम मुळात नसतेच, तर माउंट काय होणार? ती ‘सीडीपॅरानॉइया’सारख्या प्रोग्रॅमने उतरवून घ्यावी. हा प्रोग्रॅम प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचून जुळवून पाहतो, त्यामुळे ओरखडे असलेल्या जुन्या भावगीतांच्या सीड्यांनाही तो चिकाटीने न्याय देतो.

पाचव्या कीचा आणखी एक प्रकार परदेशात नातेवाईक असलेल्या मराठी घरांना भेटतो. अमेरिकेतून आणलेली डीव्हीडी इथे घातली आणि नोंदीत ‘स्क्रॅम्बल्ड सेक्टर’ हे शब्द आले, तर सेक्टर कुलूपबंद आहेत आणि किल्लीची देवाणघेवाण झालेली नाही. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे विभाग पाडले. अमेरिका पहिल्या विभागात, ब्रिटन दुसऱ्या, भारत पाचव्या. ड्राइव्हचा विभाग वापरणाऱ्याला पाच वेळाच बदलता येतो, नंतर तो तसाच गोठतो. इथेही चकती किंवा लेन्स पुसत बसण्यात अर्थ नसतो.

मराठी फाइलनावांची प्रश्नचिन्हं होणं हा दोष तर ड्राइव्हपर्यंत पोचतही नाही. सीडीची मूळ फाइल-सिस्टिम १९८८च्या मानकातली, आठ अधिक तीन अक्षरांची इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. तिच्यावर युनिक्सवाल्यांनी ‘रॉक रिज’चं आणि मायक्रोसॉफ्टने ‘जोलिएट’चं अस्तर लावलं. जोलिएटमध्ये नाव युनिकोडमध्ये असतं, पण माउंट करताना ‘आयओकॅरसेट=यूटीएफ८’ सांगितलं नसेल तर ‘आजीची पत्रं’ची जागा प्रश्नचिन्हांची रांग घेते. एवढा एक शब्द घातला की सगळी नावं परत येतात.

आता एक एरर असा, की ज्याने बऱ्याच जाणत्यांनाही चकवलंय. घरी लिहिलेल्या डेटा-सीडीची ‘डीडी’ने पूर्ण प्रत काढताना सगळं सुरळीत चालतं आणि अगदी शेवटी, सहाशे-साडेसहाशे मेगाबाइट झाल्यावर, ‘इनपुट/आउटपुट एरर’ येतो. वाटतं, कडेला ओरखडा आहे. खरं कारण वेगळं असतं. एकेक ट्रॅक संपवत लिहिण्याच्या पद्धतीत ट्रॅकच्या शेवटी लेझर बंद होताना दोन सेक्टर अर्धवट राहतात. त्यात माहिती नसते, पण ट्रॅकच्या लांबीत ते मोजले जातात. कर्नल वेळ वाचवण्यासाठी पुढचं आधीच वाचून ठेवायला जातो आणि या दोन सेक्टरांवर अडखळतो. अशा वेळी फाइल-सिस्टिमलाच तिची लांबी विचारावी. ‘आयसोसाइझ -एक्स /डेव्ह/एसआर०’ म्हटलं की सेक्टरांची संख्या मिळते, समजा ३३२८०० सेक्टर, प्रत्येकी २०४८ बाइट. डीडीला तेवढेच वाचायला सांगितलं, तर तीच ‘खराब’ सीडी एकही चूक न होता उतरते.

खऱ्या मीडियम एररसाठी मात्र हाताने काम करावं लागतं. सीडी मऊ, ओल्या कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल कधीच नाही. सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेघेत असते. आडवा ओरखडा त्या रेघेला थोड्याच जागी छेदतो आणि सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग हानी सीडीची दुरुस्ती-यंत्रणा भरून काढू शकते. रेघेच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा तिच्या आवाक्याबाहेर जातो. आणि जपायची ती लेबलची बाजू. चकचकीत बाजूला एक मिलिमीटरहून जास्त प्लास्टिक आहे. लेबलखाली मात्र वॉर्निशचा पातळ थर आणि लगेच माहिती. तिथे बॉलपेनने जोर देऊन लिहिलेलं ‘भाग १’ खालच्या माहितीपर्यंत पोचू शकतं.

त्यानंतर ‘डीडीरेस्क्यू’. हा प्रोग्रॅम आधी सोपं तेवढं उचलतो, अवघड जागा नकाशाच्या फाइलमध्ये टिपून ठेवतो, मग पुन्हा त्या जागांकडे वळतो. सगळ्यात मोलाचा आहे तो हा नकाशा. एका ड्राइव्हला न जमलेले सेक्टर दुसऱ्या ड्राइव्हला जमू शकतात, म्हणून तीच सीडी शेजाऱ्याच्या जुन्या संगणकावर नेऊन, तोच नकाशा देऊन काम पुढे चालू करता येतं. ‘इजेक्ट -एक्स ४’ म्हणून वेग कमी केला तर काही ड्राइव्ह अवघड जागा नीट वाचतात. सगळा वेग लावून फिरणारी सीडी मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या घरात जाते, आणि तडा गेलेली सीडी त्या वेगात ड्राइव्हच्या आत फुटू शकते. तडा दिसत असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नये.

ट्रे उघडत नसेल तर आधी ‘एफयूझर -व्हीएम’ने पाहावं की सीडी कोण धरून बसलंय. बऱ्याचदा ते त्याच फोल्डरमध्ये उघडं राहिलेलं टर्मिनल असतं. माउंट असताना कर्नल ड्राइव्हला दार बंद ठेवायला सांगतो, म्हणून बटण दाबून काही होत नाही. सगळं करूनही अडलं, तर वीज बंद करून पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप घालावी.

आणि ती व्हीसीडी. ‘व्हीसीडीइमेजर’ हा संच बसवला की त्यात ‘व्हीसीडीएक्सरिप’ नावाचा प्रोग्रॅम येतो. फाइल-सिस्टिमला मध्ये न घेता तो ड्राइव्हकडे थेट कच्चे सेक्टर मागतो, आणि या मागणीला ड्राइव्ह नाही म्हणत नाही. नुसतं बघायचं असेल तर व्हीएलसीला ‘व्हीसीडी://’ एवढा पत्ता दिला तरी पुरतं. तासाभराच्या भागात दोन लाख सत्तर हजार सेक्टर असतात. फोल्डरमध्ये दिसणारी फाइल २०४८च्या हिशोबाने पंचावन्न कोटी एकोणतीस लाख बाइटची होती. डिस्कवर उतरलेली एमपीईजी फाइल बासष्ट कोटी चौऱ्याहत्तर लाखांची निघते. साडेसात कोटी बाइट जास्तच. आधी सनई, मग मांडवातला गलका, आणि पहिल्या मंगलाष्टकाला मागे कुणीतरी अक्षता वाटायला उठलेलं दिसतं. ट्रे बाहेर येतो, ‘भाग २’ आत जातो.